पाणी, ऊन, माग आणि सीमा : सोलापुरात नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी

सोलापुरात राहायला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच काही गोष्टी खटकतात. नळाला रोज पाणी येत नाही. एप्रिलच्या दुपारी रस्ते ओस पडतात. रिक्षावाला मराठीत बोलता बोलता फोनवर तेलुगू किंवा कन्नड बोलू लागतो. पत्ता विचारला तर कुठेही न दिसणाऱ्या वेशीची किंवा कधीच्या काळी बंद पडलेल्या गिरणीची खूण सांगितली जाते. पुण्या-मुंबईहून आलेला माणूस यावर चटकन मत बनवतो आणि ते मत घेऊनच बदलीची वर्षं काढतो. त्यात नुकसान त्याचंच होतं.

या शहराच्या बहुतेक सवयींमागे चार कारणं आहेत : पाणी, ऊन, माग आणि सीमा. हा जिल्हा पर्जन्यछायेतला आहे. उन्हाळा इथे कडक आणि लांब असतो. शहर वाढलं ते कापड गिरण्यांवर आणि हातमाग-यंत्रमागांवर. कर्नाटकाची हद्द शेजारी आहे आणि मागावर काम करायला तेलंगणातून आलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झाली आहेत. ही चार कारणं ध्यानात ठेवली की सोलापूरची रीत लवकर कळते आणि शहरात रुळणंही सोपं होतं.

घर बघताना पहिला प्रश्न पाण्याचा

घर भाड्यानं घेताना इतर शहरांत लोक आधी उजेड, हवा, पार्किंग बघतात. सोलापुरात सगळ्यात आधी पाण्याचं विचारा. नळाला किती दिवसांआड पाणी येतं? साधारण किती वाजता सुटतं आणि किती वेळ टिकतं? जमिनीत हौद आहे का, तो केवढा आहे? गच्चीवर टाकी किती लिटरची? बोअर आहे का, उन्हाळ्यात ते आटतं का? ही उत्तरं घरमालकाकडून घ्या आणि शेजारच्या घरात विचारून पडताळून बघा. पाण्याचा दिवस आणि वेळ भागाभागानुसार बदलतात, पाणी कधी पहाटे सुटतं तर कधी रात्री उशिरा, म्हणून शेजाऱ्यांचं सांगणं सगळ्यांत भरवशाचं.

शहराला पाणी येतं ते मुख्यतः भीमेवरच्या उजनी धरणातून लांबच्या जलवाहिनीनं, भीमेच्याच काठच्या टाकळीहून आणि जवळच्या हिप्परग्याच्या तलावातून. इथला पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे पाणी साठवायची सवय घराघरांत मुरलेली आहे. नळ येणार त्या दिवशी हौद, टाकी, बॅरल, घागरी सगळं भरून ठेवायचं आणि गोधड्या, चादरी असलं मोठं धुणं त्याच दिवशी काढायचं, असा रिवाज आहे. पाहुण्यांना बोलवायचं असलं तरी पाण्याचा दिवस डोक्यात असतो.

नव्या माणसानं यातल्या तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, नळाच्या तोटीला थेट मोटर लावू नका. त्यानं पुढच्या घरांचं पाणी तुटतं आणि गल्लीशी वैर होतं. पाणी आधी हौदात घ्या, मग वर चढवा. दुसरी, बोअरचं पाणी बऱ्याच भागांत जड असतं. ते वापराला घ्या, पिण्याला नको. तिसरी, शेजाऱ्यांना तुमचा फोन नंबर देऊन ठेवा आणि त्यांचा घ्या. पहाटे पाणी सुटलं की दार वाजवून उठवणारे शेजारी या शहरात अजून आहेत. तुम्ही जागे असाल त्या दिवशी तुम्हीही इतरांना उठवा. शेजारधर्माची सुरुवात इथे बहुतेक वेळा नळापासूनच होते.

उन्हाचं वेळापत्रक

मार्चच्या मध्यापासून जूनच्या पावसापर्यंत शहराचा दिवस दोन तुकड्यांत चालतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. भाजी, बँक, सरकारी कचेरी, घरं बघणं ही सगळी कामं सकाळी अकराच्या आत उरकावीत. दुपारचे चार तास घरात काढावेत. बाजार खऱ्या अर्थानं भरतो तो संध्याकाळी. नवी पेठ, टिळक चौक, चाटी गल्ली इथे खरेदीला जायचं ते दिवेलागणीनंतरच. उन्हाळ्यात दुपारी दोनला कुणाच्या घरी आगाऊ न सांगता जाणं बरं दिसत नाही. ती विसाव्याची वेळ.

इथला जाड सुती टॉवेल डोक्याला गुंडाळून बाहेर पडणारी माणसं तुम्हाला दिसतील. तुम्हीही तसंच करा. ऊन कोरडं असल्यामुळे घाम लगेच सुकतो आणि अंगातलं पाणी किती कमी झालं ते कळत नाही. ताक, लिंबाचं सरबत, मीठ-साखरेचं पाणी यांत कसूर नको. घर निवडताना वरच्या मजल्याचं, पश्चिमेला उघडी भिंत असलेलं घर टाळा. ते घ्यावंच लागलं तर गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग लावून घ्यायचं घरमालकाशी आधीच बोलून ठेवा. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांना मातीचं जाड छप्पर असतं ते याच उन्हासाठी. अशा वाड्यात खोली मिळाली तर उन्हाळा पुष्कळ सुसह्य होतो.

पूर्व भाग आणि मागाचा आवाज

सोलापुरातली पहिली मोठी कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. लोक तिला आजही ‘जुनी मिल’ म्हणतात. पुढे लक्ष्मी मिल, विष्णू मिल, नरसिंग गिरजी मिल उभ्या राहिल्या. भोंग्यावर उठणारं आणि भोंग्यावर झोपणारं हे गिरणगाव होतं. गिरण्या एकेक करून बंद झाल्या, पण माग थांबले नाहीत. तेलुगू भाषक पद्मशाली समाजानं हातमाग आणि मग यंत्रमाग चालवून सोलापुरी चादर आणि टॉवेल देशभर पोचवले. भारतात भौगोलिक मानांकनाची पद्धत सुरू झाली तेव्हा सुरुवातीलाच हे मानांकन मिळवणाऱ्या वस्तूंत सोलापुरी चादर होती.

साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या सगळ्या पट्ट्याला लोक ‘पूर्व भाग’ म्हणतात. इथे घराच्या पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोल्यांत संसार, अशी घरं अजून आहेत. मागाची खडखड इथे वस्तीचाच एक भाग आहे. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीजवळ घर बघत असाल तर ते एकदा दिवसा आणि एकदा रात्री जाऊन बघा, म्हणजे आवाजाचा अंदाज येईल. राहायला गेल्यावर त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. त्या आवाजावर शेजाऱ्यांची चूल पेटते.

याच भागात दुपारी उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतील. तेंदूची पानं, तंबाखू, दोरा आणि भराभर फिरणारी बोटं. हजाराच्या हिशेबानं मजुरी मिळते. ही मजुरी कमी, पण घराला आधार तिचाच. या कामगार बायकांनी संघटित होऊन घरांसाठी लढा दिला आणि त्यातून कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत उभी राहिली. त्याच परिसरातल्या रे नगरमध्ये जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरं कामगारांच्या ताब्यात आली. तुमच्या घरी कामाला येणारी मावशी दुपारनंतर विड्या वळत असेल, तर तिच्या येण्या-जाण्याच्या वेळा त्या कामाप्रमाणे ठरतात हे समजून घ्या.

चादर घ्यायची तर थेट मागावरून किंवा उत्पादकाच्या दुकानातून घ्या. सोलापूरच्या नावानं बाहेरचा मालही विकला जातो. चादर हातात घेऊन वजन बघा, कडा बघा, दोन्ही बाजूंनी नक्षी बघा. खरी सोलापुरी चादर जाड असते आणि कित्येक धुण्यांनंतरही तिचं काही बिघडत नाही.

कोणत्या भाषेत बोलायचं?

मराठीत. सोलापुरात मराठी सगळ्यांना येते आणि सगळे ती आपली म्हणून बोलतात. पण बहुतेकांच्या घरात आणखी एक भाषा असते. जुन्या पेठांतल्या लिंगायत घरांत कन्नड, पूर्व भागात तेलुगू, विजापूर वेशीच्या बाजूला दखनी उर्दू, व्यापारी घरांत मारवाडी किंवा गुजराती. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या कित्येक गावांत घरात कन्नड आणि बाजारात मराठी असंच चालतं. शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. एका वाक्यात दोन भाषा मिसळल्या की नव्या माणसाला वाटतं, आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय. तसं काही नसतं. जी भाषा ओठांवर आधी येते ती बाहेर पडते, इतकंच.

इथल्या मराठीचाही स्वतःचा बाज आहे. ‘काय करतोयस?’च्या जागी ‘काय करलालास?’ आणि ‘येतोय’च्या जागी ‘येलालो की’ ऐकू येईल. ‘बस की’, ‘घे की’, ‘जेव की’ यांतल्या ‘की’मध्ये आग्रह असतो. मित्रामित्रांत ‘बे’ सर्रास चालतो, पण तो बरोबरीच्या माणसांतलाच. नव्यानं ओळख झालेल्या किंवा मोठ्या माणसाला ‘बे’ म्हणू नका. त्यांना ‘काय ओ’ म्हणावं, किंवा नात्याचा शब्द जोडावा. वयानं मोठ्या पुरुषाला ‘अण्णा’, ‘अप्पा’ किंवा ‘मामा’, बाईला ‘अक्का’ किंवा ‘मावशी’. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ कन्नड, तेलुगू, मराठी तिन्ही घरांत चालतात, म्हणून ते कुठेही उपयोगी पडतात. नुसतं ‘ओ भाऊ, इकडे या’ असं दुकानदाराला म्हणण्यापेक्षा ‘अण्णा, एवढं दाखवा की’ म्हणून बघा, बोलण्याचा सूर लगेच बदलतो.

शेजार कन्नड असेल तर जेवण झालं का हे विचारायला ‘ऊटा आयता?’, तेलुगू असेल तर बरे आहात ना हे विचारायला ‘बागुन्नारा?’ एवढं शिकून ठेवा. उच्चार चुकला तरी कुणी रागावत नाही. मुलांना मात्र मोकळं सोडा. गल्लीत खेळणारी मुलं सहा महिन्यांत आई-वडिलांपेक्षा जास्त शिकून येतात.

पत्ता कसा समजून घ्यायचा

सोलापूरचा पत्ता वेस, पेठ, चौक आणि नाका या चार शब्दांवर चालतो. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस, कुंभार वेस ही गावकुसाच्या काळातली नावं. वेशीचा दरवाजा शोधू नका, आता ती चौकांची आणि वस्त्यांची नावं झाली आहेत. जुना पुणे नाका, जुना विजापूर नाका या शहराच्या जुन्या हद्दी. शहर त्यांच्या पलीकडे कधीच गेलं. ‘जुन्या मिलच्या कंपाउंडमध्ये’ म्हणजे जिथे गिरणी होती तिथे. ‘सात रस्ता’ हे मोठं नाक्याचं ठिकाण. जुळे सोलापूर, सैफुल, आसरा, होटगी रोड हा सगळा दक्षिणेकडचा नवा विस्तार. नोकरीसाठी येणारी बरीच कुटुंबं तिकडेच घर बघतात.

‘चार पुतळ्यांपाशी या’ असं कुणी म्हटलं तर त्या चौघांची नावं माहीत असायला हवीत : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटून उठलं, इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला आणि या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. ही चार नावं शेजारी शेजारी वाचली की सोलापूर कोणाकोणाचं आहे ते कळतं. पुण्याला जाणाऱ्या गाडीचं नाव ‘हुतात्मा एक्स्प्रेस’ आहे ते यांच्यामुळे. मुलांना घेऊन या पुतळ्यांपाशी पहिल्याच आठवड्यात जाऊन या.

रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. कोणत्या भागाला साधारण किती घेतात ते दुकानदाराला किंवा सहकाऱ्याला विचारून ठेवा. दोन-तीनदा गेलात की दर आपोआप पाठ होतात.

ताटातलं सोलापूर

इथलं मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. रब्बीची मालदांडी ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर वाढते, थंडीत पोसते आणि मऊ, गोडसर भाकरी देते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. वर्षाची ज्वारी एकदम भरून ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी बाजारात येते तेव्हा ओळखीच्या माणसाबरोबर मार्केट यार्डात जाऊन पोतं घ्या, स्वस्तही पडतं आणि चांगलं मिळतं.

कडक भाकरी ही या दुष्काळी मुलखाची शिदोरी. पातळ थापलेली भाकरी मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवतात. ती आठवडे टिकते, प्रवासात चालते, आमटीत किंवा दुधात कुस्करून खातात. तिच्याबरोबर शेंगा चटणी हवीच. इथे शेंगदाण्याला लोक ‘शेंगा’ म्हणतात. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ एकत्र करून तेल सुटेपर्यंत कुटलं की खरी चटणी होते. मिक्सरमध्ये ती भुगा होते, उखळात कुटलेली असेल तर गोळा धरते. विकत घेताना बोटांत दाबून बघा. दह्यात कालवून खाल्लीत तर तिखटपणा झेपतो.

जेवायला बोलावणं आलं तर काय समोर येईल त्याची थोडी कल्पना असू द्या. लिंगायत घरांत पालेभाज्या-डाळी घोटून केलेला गरगट्टा, भरल्या वांग्याची भाजी, सणाला गव्हाची हुग्गी. संक्रांतीला आणि प्रवासाला शेंगापोळी. न्याहारीला चुरमुऱ्याचा सुशीला. मुस्लिम घरांत आणि लग्नकार्यांत दालचा-खाना. पूर्व भागात रविवारी मटणाचा रस्सा आणि भाकरी. सोलापूरचं तिखट हे खरोखर तिखट असतं. पहिल्यांदा थोडं वाढून घ्या, पण नको म्हणू नका. वाढणाऱ्याला ‘पुरे’ हा शब्द तीनदा ऐकल्याशिवाय पटत नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा हुरड्याचा हंगाम. शेतावर आगटीत कोवळी कणसं भाजून, हातावर चोळून गरम हुरडा देतात, जोडीला शेंगा चटणी, गूळ, दही. आता पैसे भरून जायची ठिकाणं झाली आहेत, ती चांगलीही आहेत. पण कुणी स्वतःच्या शेतावर बोलावलं तर तिकडेच जा आणि जाताना मुलाबाळांसाठी खाऊ घेऊन जा.

वर्षाचं वेळापत्रक

सोलापूरचं वर्ष कळायचं तर भिंतीवरचं एक कॅलेंडर पुरत नाही. कोणत्या भागात कोणत्या महिन्यात काय असतं हे ठाऊक असलं की रजा, प्रवास, घर बदलणं सगळं सोपं जातं.

जानेवारी : सिद्धेश्वरांची यात्रा. बाराव्या शतकात होऊन गेलेले, बसवेश्वरांच्या काळातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचं ग्रामदैवत. तळ्यातलं त्यांचं मंदिर शहराच्या मध्यावर आहे. त्यांनी शहराच्या परिसरात अडुसष्ट लिंगं स्थापन केली असं मानतात. संक्रांतीच्या आसपास यात्रा भरते. उंच बांबूचे सात नंदीध्वज, ज्यांना लोक ‘काठ्या’ म्हणतात, पांढरी बाराबंदी घातलेले भक्त पेलत नेतात आणि वेगवेगळ्या काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला विवाह करायची परवानगी दिली, त्या विवाहाच्या या अक्षता. संक्रांतीला होम होतो, त्यानंतर शोभेचं दारूकाम. होम मैदानावर पाळणे, दुकानं, खेळ यांची जत्रा भरते, तिलाच ‘गड्डा’ म्हणतात.

नव्या माणसासाठी सूचना अशी : या दिवसांत शहराच्या मध्यभागातून गाडी नेऊ नका, रस्ते वळवलेले असतात. अक्षतेला जायचं तर सकाळी लवकर, पायी, शक्यतो पांढऱ्या कपड्यांत जा. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता टाकायला कुणाचं आमंत्रण लागत नाही. सगळं शहर वऱ्हाडी असतं, तुम्हीही त्यातलेच. याच दिवसांत १२ जानेवारीला चार हुतात्म्यांना अभिवादन होतं. त्यामुळे या शहराचा जानेवारी भक्तीचाही आहे आणि स्वातंत्र्याच्या आठवणीचाही.

मार्गशीर्ष अमावस्या : येळवस. या वेळ अमावस्येला अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि शेजारच्या लातूर-धाराशिव भागांत गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. शेतात कडब्याची कोप उभारतात, पाच दगड पांडव म्हणून मांडून पुजतात. भज्जी, उंडे, आंबील, खीर असा बेत असतो. या भज्जीत तळण नसतं, ती डाळी आणि हिवाळी भाज्या एकत्र शिजवून करतात. या दिवशी ओळखीचा-अनोळखी असा भेद करत नाहीत. कार्यालयातल्या सहकाऱ्यानं ‘येळवसला या’ म्हटलं तर ते शिष्टाचाराचं बोलणं समजू नका, ते खरं आमंत्रण असतं. त्या दिवशी कामं होतील अशी अपेक्षाही ठेवू नका.

आषाढ. पंढरपूर याच जिल्ह्यात. आषाढी वारीच्या काळात पोलीस, आरोग्य, महसूल, एसटी सगळी यंत्रणा तिकडे गुंतलेली असते. सरकारी कामं आधी किंवा नंतर ठेवा. शेगावहून येणारी गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातून जाते, तेव्हा लोक वारकऱ्यांना जेवण, चहा, औषधं देतात. तुम्हाला सेवा करायची असेल तर जवळच्या मंडळात नाव सांगा, हात लागतातच.

श्रावण : नारळी पौर्णिमा. पद्मशाली समाजाचा हा सर्वांत मोठा दिवस. मार्कंडेय महामुनींच्या रथाची मिरवणूक निघते, पूर्व भागातले माग बंद असतात, सगळं कुटुंब रस्त्यावर असतं. भाद्रपद-आश्विनात याच भागात तेलुगू बायका फुलांचा थर रचून बतुकम्मा खेळतात. बघायला गेलात तर कडेला उभं राहू नका, फेर धरायला बोलावतीलच.

गणपती आणि नवरात्र. सार्वजनिक गणेशोत्सवाचा सोलापूरला मोठा अभिमान आहे. इथला ‘आजोबा गणपती’ १८८५ पासूनचा सांगतात. मंडळांची लेझीम ही सोलापूरची खास ओळख आणि तिचा सराव कित्येक आठवडे आधी, रात्री, ढोलाच्या तालावर सुरू होतो. घरात लहान बाळ किंवा परीक्षेचं मूल असेल तर मंडळाच्या पोरांशी आधीच नीट बोला. वाद घालण्यापेक्षा ओळख करून घेतलेली बरी. नवरात्रात रूपाभवानीच्या मंदिरात पहाटेपासून रांग असते. मंडळं तुळजापूरहून ज्योत घेऊन धावत येतात. कोजागरीला हजारो सोलापूरकर रात्रभर चालत, पुष्कळजण अनवाणी, पंचेचाळीस किलोमीटरवरच्या तुळजापूरला जातात. तेव्हा तो रस्ता वाहनांना बंद ठेवून वाहतूक वळवतात. त्या दोन दिवसांत धाराशिव-छत्रपती संभाजीनगरकडे जायचं असेल तर बातमी बघूनच निघा.

घरोघरीच्या रीती

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलात किंवा लग्नकार्याला गेलात तर पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला ओटीचा खण मिळतो. ते संकोचून परत करू नका, डोक्याला लावून घ्या. तुमच्या घरी कार्य असेल तर तुम्हीही तोच मान द्यावा.

घर भाड्यानं घेताना खाण्यापिण्याबद्दल आधीच स्पष्ट बोला. लिंगायत, जैन, मारवाडी घरमालक बहुधा शाकाहारी असतात आणि वाड्यात सामिष शिजू नये अशी त्यांची अट असू शकते. नंतर अवघडण्यापेक्षा सुरुवातीला विचारलेलं चांगलं.

लिंगायत घरांत गळ्यात इष्टलिंग धारण करतात. त्याला हात लावू नये, त्यांच्या पूजेच्या वेळी बोलू नये. त्यांच्यात मृतदेहाला बसलेल्या स्थितीत ठेवून दफन करण्याची प्रथा आहे. शेजारी असा प्रसंग आला तर गोंधळून जाऊ नका. शांतपणे जा, फूल वाहा, घरातले सांगतील तसं करा. दुःखाच्या प्रसंगी शेजारी आला की नाही हे सोलापूर फार दिवस लक्षात ठेवतं.

येणं-जाणं

पुणे अडीचशे किलोमीटरवर, विजापूर शंभर, अक्कलकोट चाळीसच्या आत-बाहेर. पुण्याला दिवसा जाण्यासाठी हुतात्मा एक्स्प्रेस, मुंबईला रात्रीतून जाण्यासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेस या जुन्या भरवशाच्या गाड्या. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईपर्यंत वंदे भारतही आहे. सोलापूरची हजारो मुलं पुण्यात शिकतात, नोकरी करतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून आणि रविवारी सोलापूरहून जागा मिळणं कठीण असतं. आरक्षण आधीच करा. दर गुरुवारी आणि पौर्णिमेला अक्कलकोटच्या रस्त्यावर स्वामी समर्थांच्या भक्तांची गर्दी असते, तेव्हा वेळ धरून निघा.

दवाखान्यासाठी बाहेर जावं लागेल अशी भीती बाळगू नका. मराठवाड्यातून आणि कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात. सरकारी रुग्णालयाला सगळे ‘सिव्हिल’ म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेवढंच सांगा.

पहिल्या वर्षात करायच्या पाच गोष्टी

१. राहायला आल्यावर आठवड्याभरात गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या घरांशी ओळख करून घ्या आणि पाण्याचं वेळापत्रक लिहून ठेवा.

२. जानेवारीतल्या अक्षतेला जा. गर्दीचा त्रास होत असेल तर निदान नंदीध्वज तुमच्या भागातून जातील तेव्हा रस्त्यावर उभे राहा.

३. तुम्ही जुळे सोलापुरात राहत असाल तर नारळी पौर्णिमेला पूर्व भागात जा. पूर्व भागात राहत असाल तर बाळीवेस, मधला मारुती, शुक्रवार पेठ पायी फिरून या. आपल्या भागाबाहेर पाऊल टाकल्याशिवाय हे शहर कळत नाही.

४. एकदा चालू मागाजवळ उभं राहून चादर विणताना बघा, मुलांनाही दाखवा. ती विणणाऱ्या माणसाशी बोला.

५. येळवसचं किंवा हुरड्याचं एक तरी आमंत्रण स्वीकारा आणि पुढच्या वर्षी तुमच्या घरी कुणाला तरी बोलवा.

सोलापूर गरीब आहे, मागे पडलंय, इथे काही नाही, असं बोलणारे तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटतील. त्यातले काही सोलापूरकरच असतील, कारण बंद पडलेल्या गिरण्यांचं आणि पुण्याला गेलेल्या मुलांचं दुःख त्यांनी सोसलंय. त्यांचं ऐकून घ्या, पण त्यावरून तुमचं मत ठरवू नका. कमी पाणी, कडक ऊन आणि कष्टाची मजुरी यांत चार भाषांच्या माणसांनी एकत्र राहण्याची जी रीत इथे घडवली आहे, ती मोठ्या शहरांना सहजासहजी जमलेली नाही. तुम्ही इथे तीन वर्षांसाठी आला असाल किंवा कायमचे, ती रीत शिकून घ्या आणि तुमच्यानंतर येणाऱ्या भाडेकरूला, सहकाऱ्याला, सुनेला किंवा जावयाला शिकवा. सोलापूर असंच वाढत आलं आहे, बाहेरून येऊन इथले झालेल्या माणसांच्या जोरावर.